तळ्यावरचा चुना

ता. ४, सोमवार

फाटक बंद झाल्यापासून मी घरात सारखा बोलत असतो, असं हिचं म्हणणं. "मला दोन कान आहेत, गोदाम नाही," म्हणाली आणि ही वही माझ्या पुढ्यात आपटली. म्हणून हा उद्योग. सकाळचा चहा झाला की लिहायचं आणि मग तळ्यावर जायचं, असं ठरवलं आहे.

तर हकिकत अशी. आमची सोन्याची खाण. दगड दळून त्याचं पीठ करायचं, ते सायनाइडच्या पाण्यात घोळायचं, सोनं पाण्यात उतरलं की काढून घ्यायचं आणि उरलेला गाळ मागच्या तळ्यात सोडायचा. सोडण्याआधी त्यातलं विष मारायचं, हे माझं खातं. सल्फाइटची पावडर, थोडं मोरचूद आणि भरपूर हवा, एवढ्यावर विष मरतं. शाळा माझी लवकर सुटली. हे सगळं टाकीच्या काठावर उभं राहून शिकलो. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी साहेबांनी सोडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात सल्फाइटची पोती संपत आली होती. गाडी यायला उशीर होता. साहेब म्हणाले, जरा हात आखडता घ्या. तळ्यावर काही बदकं मेली. कुणीतरी फोटो काढले, ते खालच्या वस्तीत पोचले आणि लोकांनी रस्त्यावर ओंडके आडवे टाकले. तळ्यातलं विष संपेपर्यंत एकही गाडी आत जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. माणसांना बाहेर पडायला मुभा आहे, पण एकदा गेलेला पुन्हा आत येणार नाही. साहेब त्या दिवशी शहरात होते, ते तिकडेच राहिले. आता फोनवर खाण चालवतात.

यातली गोम अशी की विष मारायची पावडर घेऊन आलेली गाडीही त्याच ओंडक्यांपलीकडे उभी आहे.

आणि ओंडक्यांवर मांडी घालून बसलेला पुढारी कोण, तर आमचे व्याहीबुवा. एकुलती एक लेक त्यांच्या घरी दिली आहे. तिचं घर नाल्याच्या काठावर, विहीर नाल्याला खेटून. तळं भरून सांडव्यावरून वाहायला लागलं की ते पाणी त्याच नाल्याला लागतं. कारखाना चालू असताना तळ्याचं पाणी आम्ही परत ओढून वापरतो, म्हणून ते कधी भरत नाही. आता कारखाना बंद. पाऊस रोज थोडा थोडा पडतो आहे. काल सांडव्याचा उंबरा पाण्यापासून तीन हात वर होता.

तळ्याच्या पाण्यातल्या विषाचा लॅबच्या मॅडमनी काढलेला आकडा शहाऐंशी. तो पन्नासच्या खाली यायला हवा. माझी सगळी नोकरी त्या पन्नासभोवती गेली.

ता. ५, मंगळवार

तळ्याचा राखणदार काल निघून गेला. त्याचं घर वस्तीतच, बिचारा किती दिवस तोंड लपवणार. त्याचं काम मी अंगावर घेतलं. आजवर माझा जीव टाक्यांमध्ये. तळ्यावर मी फेरफटका मारायला जायचो तेवढाच.

काठावरच्या मीटरमध्ये पीएच पाहिला. नऊच्या आसपास. टाकीत आकडा दहाच्या खाली गेला की आम्ही पोरांना ओरडून बाहेर काढतो. चुना कमी पडला की सायनाइड पाण्यात राहत नाही, वायू होऊन वर येतं. कामावरच्या माझ्या जोडीदाराला मी स्वतः दोरीनं टाकीबाहेर ओढला आहे. चुन्याची नळी तुंबली होती, एवढंच कारण. तो पुन्हा उठला नाही. तेव्हापासून मी घरात भाजी चिरतानासुद्धा विचारतो, चुना आहे ना? ही म्हणते, भाजीत नाही घातला अजून.

लांब्या नावाचा पंपवाला आहे, आमच्यासारखा आतच राहिलेला. त्याला घेतलं आणि चुन्याच्या पाण्याची नळी टाक्यांवरून फिरवून थेट तळ्यात सोडली. चुन्याची कोठी शिगोशीग भरलेली आहे. सल्फाइट नाही तर नाही, चुना तरी आहे. पाणी पांढरं होत गेलं तेव्हा कुठे मी काठावर टेकलो.

ता. ७, गुरुवार

पीएच साडेदहा. आकडा चौऱ्याऐंशी. ढग.

ता. ८, शुक्रवार

मॅडम तळ्यावर आल्या होत्या. हिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीएवढी पोर, पण काम चोख. बूट चिखलात रुतला तरी बाटली सरळ धरते. मला आबा म्हणते. म्हणाली, आबा, दरवर्षी दुरुस्तीसाठी कारखाना बंद असतो तेव्हा तळ्याचा आकडा आपोआप उतरतो, जुन्या नोंदी पाहिल्या मी. या वेळी उतरत नाही. चुना जरा कमी करून बघूया का?

मी तिला बसवून माझ्या जोडीदाराची सगळी गोष्ट सांगितली. दोरी, नळी, सगळं. तिचा चेहरा उतरला. मग ती बाटल्या उचलून गेली. पुस्तकात वायूला वास असतो म्हणून लिहिलेलं असतं, पण त्या वासाचं भय पुस्तकात नसतं. पोर हुशार आहे, शिकेल.

आकडा उतरत नाही तो ऊन नाही म्हणून. ऊन पडू दे एकदा.

ता. ११, सोमवार

आज डोकं ठिकाणावर नाही.

साहेबांची ताकीद होती की आकडा फाटकाबाहेर जाता कामा नये. आकडा माहीत फक्त मला, मॅडमना आणि साहेबांना. लांब्यालाही मी सांगत नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. घरी हिच्यापाशी बोललो असेन तेवढंच, पण ती घरातली. आणि आज व्याहीबुवांनी फाटकावर भोंगा लावून सगळ्यांना ऐकवलं, आत पंचाऐंशी आहे, पन्नासला परवानगी आहे. वर म्हणे, "खाणवाल्यांनी तळ्याला चुना लावला तो लावला, आता आम्हाला लावू नका." लोक हसले. ते हसणं तळ्यापर्यंत ऐकू आलं.

पंचाऐंशी हा शनिवारचा आकडा. मॅडमशिवाय कोण सांगणार?

मला राग यायला वेळ लागतो, पण आला की लवकर जात नाही. लॅबमध्ये जाऊन सांगितलं की यापुढे आकडा तोंडानं बोलायचा नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात द्यायचा. ती नुसतं बरं म्हणाली. विचारलंही नाही का ते. विचारलं नाही म्हणजे माहीत आहे, असं मी धरलं.

घरी आलो तर पालक. कोवळा, ताजा, देठाला ओली माती. दुकान बंद होऊन किती दिवस झाले, आणि हिच्या टोपलीत पालक. हिची काटकसर मला आजवर कळली नाही. काहीतरी कुंडीत लावलं असेल. मी कौतुक केलं तर म्हणाली, जेवा गुमान.

ता. १३, बुधवार

आकडा त्र्याऐंशी. म्हणजे हललाच नाही. उंबरा दोन हातांवर.

काल चांगलं रखरखीत ऊन पडलं होतं, तरीही. मग मला वाटलं चुना कमी पडतोय. नळीचा व्हॉल्व्ह आणखी दोन फेरे उघडला. रात्रीच्या पावसानं पीएच जरा घसरलेला असतो, सकाळी मी तो पुन्हा वर नेऊन ठेवतो. झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सरकलं की नीट करावं, तसं.

मॅडम चिठ्ठी देतात आणि जातात. काल चिठ्ठीवर आकड्याखाली लिहिलं होतं, "चुना?" एवढंच. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. जी पोर घरातली गोष्ट वेशीवर टांगते तिच्याकडून मी चुना शिकावा?

ती एकटीच लॅबमध्ये जेवते. ही तिला डबा पाठवते. मी म्हटलं, नको एवढे लाड. त्यावर हिनं भांडं इतक्या जोरात ठेवलं की झाकण उडून माझ्या पायाशी आलं.

ता. १४, गुरुवार

काल जेवताना हिनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या पोरीला बोलणं बंद करा. आकडा मी सांगितला."

मी विचारलं, तो बाहेर पोचला कसा?

रोज दुपारी मी तळ्यावर गेलो की ही मागच्या कुंपणापाशी जाते. तिथे तारेला एक जागा सैल आहे. पलीकडून लेक येते. भाजी ती आणते. गेले दोन आठवडे माझ्या घरात मायलेकींचा बाजार भरतो आहे आणि मी समजतोय कुंडीत पालक उगवला.

मी म्हटलं, तुला साहेबांची ताकीद माहीत होती. तर म्हणाली, "साहेबांची लेक विहिरीवर पाणी भरते का? तिनं मला विचारलं, आई, किती आहे. मी काय सांगू, तुझ्या बापाच्या साहेबाला विचार म्हणून?"

मी हात धुऊन उठलो आणि तसाच लॅबमध्ये गेलो. एवढ्या वयात लहान माणसाची माफी मागायची म्हणजे जीभ जड होते. कसंबसं बोललो. मॅडम ऐकून हसल्या. म्हणाल्या, मला कळलं होतं कोण सांगतं ते, काकूंनी डब्याबरोबर दोनदा विचारलं होतं आकडा खरा का म्हणून. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, तुमच्या घरात भांडण लावून मी कुठे राहणार, डबा बंद झाला असता.

मग मी विचारलं, चिठ्ठीवरच्या त्या चुन्याचं काय.

ती म्हणाली, "आबा, टाकीत चुना म्हणजे झाकण. आत माणसं असतात, विष वर यायला नको, म्हणून झाकण घट्ट. पण तळ्यातून ते वर उडूनच जायला हवं ना. थोडं थोडं, वाऱ्यावर. तुम्ही ओले कपडे प्लॅस्टिकखाली वाळत घातलेत, आणि वाळत नाहीत म्हणून आणखी प्लॅस्टिक आणताय."

पीएच आपोआप हळूहळू उतरतो, हवेनं आणि पावसानं, आणि उतरला तरच सायनाइड पाणी सोडतं. दर वर्षी हेच होत होतं. या वर्षी मी रोज सकाळी ते परत आत ढकलत होतो. स्वतःच्या हातानं, काळजीनं.

मी त्यांच्या त्या फिरत्या स्टुलावरून उठलो. मग जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

ता. १६, शनिवार

व्हॉल्व्ह बंद करणं सोपं होतं. बंद ठेवणं कठीण आहे.

काल पीएच दहाच्या खाली आला. माझे पाय आपोआप नळीकडे निघाले. लांब्यानं हाक मारली तेव्हा कळलं की माझा हात चाकावर आहे. डोक्याला पटलेलं हाताला पटत नाही. शेवटी पाना घेऊन व्हॉल्व्हचं चाकच काढलं आणि घरी आणून हिला दिलं. म्हटलं, मी मागितलं तरी देऊ नकोस. तिनं ते तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि वर डब्यावर बसून भाजी निवडली. म्हणाली, दागिने कधी एवढे जपायला दिले नाहीत.

मॅडमनी नियम घालून दिलेत. काठावर वारा पाठीवर घेऊन जायचं, छातीला मीटर, एकट्यानं जायचं नाही, वारा पडला की मागे फिरायचं. आज काठावर तो वास पुसटसा आला. मीटर गप्प होतं. मॅडम म्हणाल्या, मोकळ्यावर एवढं चालतं. मी हो म्हटलं. जोडीदाराचे बूट डोळ्यांपुढे येत होते. टाचेला शिवलेले होते ते.

आकडा एकोणऐंशी. पहिल्यांदाच हलला.

ता. १९, मंगळवार

सहासष्ट. पण उंबरा आता हातभर राहिला. दोघांची शर्यत लागली आहे, पाणी वर येतंय, आकडा खाली जातोय, आणि मध्ये मी.

साहेबांचा फोन आला होता. मी सगळं खरं सांगितलं, चुन्यासकट. ते रागावले नाहीत, त्याचंच मला भय वाटलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, तुम्ही फाटकावर जा, तुमचा शब्द लोक मानतात, सांगा की आकडा पन्नासच्या खाली आला. ओंडके हटतील, गाडी आत येईल, आपण दोन दिवसांत खरंच पन्नासच्या खाली आणू. मग खोटं कुठे राहिलं?

दिवसभर तेच डोक्यात. कुठून धरावं आणि कुठून सोडावं. खोटं बोललो तर गाडी येते, पावडर येते, विष मरतं. खरं बोललो तर ते आणखी चार ओंडके टाकतील आणि पाणी आहे तसं खाली जाईल, लेकीच्या दारात. खरं बोलून घात आणि खोटं बोलून भलं, असा पेच माझ्यासारख्या साध्या माणसापुढे कशाला यावा? हिला विचारलं तर म्हणाली, तुम्ही आधी जेवा. म्हणजे तिलाही सुचत नव्हतं.

मॅडमना विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी खोटं बोला म्हटलं असतं तर त्या माझ्या मनातून उतरल्या असत्या, आणि खरं बोला म्हटलं असतं तर मी अडकलो असतो.

ता. २०, बुधवार

सकाळीच लेकीचा फोन. भांडण सुरू झाल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी म्हणायचो सासऱ्याच्या धाकात आहे. तिचा आवाज ऐकला आणि कळलं की ती कुणाच्याच धाकात नाही. ओंडके टाका म्हणणारी पहिली तीच होती, हे हिनं मला मागाहून सांगितलं. व्याहीबुवा नुसते भोंगा धरून आहेत.

म्हणाली, "बाबा, मला तुमच्या खाणीचं काही सांगू नका. विहिरीचं पाणी प्यायचं की नाही, तेवढं सांगा."

साहेबांनी शिकवलेलं वाक्य ओठांवर होतं. मी म्हटलं, "नको पिऊस."

फोन ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

ता. २१, गुरुवार

काल फाटकावर गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. व्याहीबुवा खुर्ची टाकून बसले होते, डोक्यावर टॉवेल. मला पाहून म्हणाले, "या, विषाचे मालक. जेवून आलात की इथेच पान वाढू?" लेकीच्या लग्नापासून आमचं असंच चालतं. मी त्यांना डुलकीवाले म्हणतो, ते मला विषाचे मालक. पण काल त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

मी फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहून सगळं सांगितलं. आजचा आकडा चौसष्ट. पन्नासच्या खाली आलेलं नाही. येणार होतं, पण मीच चुना टाकून अडवलं, भीतीपोटी. मला इथे खोटं सांगायला पाठवलं होतं, ते मी सांगणार नाही. पाणी उंबऱ्याला लागायला आठवडासुद्धा लागणार नाही. तुमच्यामागे उभी आहे त्या गाडीतली पावडर मिळाली तर तळ्याचं पाणी टाकीतून फिरवून त्यातलं पुष्कळ विष मारता येईल. नाही मिळाली तर आहे तसं खाली येईल.



व्याहीबुवांनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "आणि परवा येऊन म्हणाल, पावडर चुकून जास्त पडली."

"चुकलो तर म्हणेन. म्हणायलाच येईन."

मागून लेक पुढे आली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. सासऱ्यांना म्हणाली, गाडी जाऊ द्या, मी गाडीत बसून जाते, पोती टाकीत पडताना मी बघणार, आणि रोजचा आकडा त्या लॅबच्या बाईंनी इथे येऊन सांगायचा, बाबांनी नाही.

बाबांनी नाही. ते ऐकून लागलं. पण रास्त होतं.

चौघांनी मिळून एक ओंडका बाजूला केला. गाडी जाईल एवढाच.

ता. २२, शुक्रवार

पोती आली, टाकी सुरू झाली. लांब्या पंप लावताना गात होता, त्याला गाता येत नाही. लेक टाकीच्या जिन्यावर बसून प्रत्येक पोतं पाहत होती. मॅडमनी तिला मोरचूद दाखवलं तर म्हणाली, हे आम्ही घरी फवारणीला वापरतो. दोघींचं जमलं. माझ्याशी बोलली ते एवढंच, "मास्क नीट लावा."

दुपारी साहेबांचा फोन. आवाज तसाच मऊ. तुमचं वय झालं, आता विश्रांती घ्या, महिनाअखेरीला क्वार्टर रिकामं करा. मी बरं म्हटलं. हिला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी गेली ना? मग निघालात कुठे?"

म्हटलं, टाकीवर. पोरांना माझ्याशिवाय जमायचं नाही.

गंमत आहे. आता मला ना साहेब अडवू शकत, ना फाटक. आणि तळं सोडून पाय निघत नाही.

ता. २६, मंगळवार

काल सकाळी पाणी उंबऱ्यावरून गेलं.

आधी नुसती ओल दिसली, मग एक पातळ पदर, चकचकीत. आवाजसुद्धा नाही. खाली नाल्याच्या दगडांवर पोचल्यावर आवाज झाला. आम्ही सगळे उभे होतो, मॅडम, लांब्या, लेक, ही. त्याआधी मॅडमनी आकडा फाटकावर जाऊन सांगितला होता. शेहेचाळीस.

शेहेचाळीस. पन्नासच्या खाली. इतके दिवस ज्या आकड्यासाठी जीव टांगणीला होता तो चार घरं मागे टाकून आम्ही आलो. लांब्यानं मला उचलायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. मला रडू आवरेना. मी लेकीला म्हटलं, बघ, पन्नासच्या आत आणलं.

ती वाहत्या पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पन्नास तुमच्या तळ्याचे, बाबा. माझ्या घागरीचे किती?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खाली पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं. पिण्याच्या पाण्याला पन्नास नाही, पाच नाही, एकसुद्धा नाही. शून्य, मग टिंब, मग पुन्हा शून्य, आणि मग कुठे एक आकडा.

एवढी वर्षं मी पन्नासला दार समजत होतो. पन्नासच्या आत आलं की घरात आलं. ते फक्त तळ्याचं कुंपण होतं, बदकांसाठी घातलेलं. पलीकडे कोणी पाणी पितं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझीच लेक पीत होती. पण ते दोन आकडे मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. विचारायला कुणाकडे जाणार होतो, आणि विचारावं असं वाटायला तरी हवं होतं.

मॅडम म्हणाल्या, वाटेत पाणी पातळ होईल, ऊन लागेल, बरंच उडेल, विहिरीत किती झिरपेल ते आज सांगता येत नाही. बरोबरच सांगत असतील. लेक ऐकून घेत होती.

ता. ३०, शनिवार

लेकीकडे राहायला आलो. बायका-माणसांनी सामान ओंडक्यांवरून हातोहात इकडे घेतलं. व्याहीबुवांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि म्हणाले, एवढी जड, सोनं तर नाही? मी म्हटलं, बायकोच्या साड्या. ओंडके अजून तसेच आहेत. विहिरीचा आकडा आल्याशिवाय हटणार नाहीत, हे आता भोंग्यावरून नाही, लेकीच्या तोंडून सांगितलं जातं.

विहिरीवर फळ्या टाकून वर दगड ठेवला आहे. प्यायला पाणी टँकरचं, वरच्या बाजूनं येतं. माझी खाट ओसरीवर आहे, तिथून विहीर समोर दिसते. दिवसभर दुसरं काही दिसतच नाही.

आज सकाळी मॅडमनी रिकामी बाटली पाठवली, विहिरीचा नमुना हवा म्हणून. मी आणि व्याहीबुवा दोघांनी मिळून फळ्या सरकवल्या. त्यांनी बादली सोडली, मी दोर धरला. पाणी वर आलं ते काचेसारखं स्वच्छ, थंड. बादलीवर वाकलो तर आम्हा दोघांचे चेहरे दिसले, माझा जास्त म्हातारा. बाटली भरली, बूच घट्ट लावलं, कापडात गुंडाळली.

बादलीत बरंच पाणी उरलं होतं. व्याहीबुवांनी सवयीनं बादली उचलली आणि कडेच्या लिंबाच्या आळ्यात ओतायला गेले. वाकले आणि तिथेच थांबले. माझ्याकडे वळून विचारलं, "याला घालू का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

मग ते विहिरीकडे वळले, परत आत ओतायला. तिथेही थांबले. अंगणात ओतावं तर कोंबड्या. नाल्यात ओतावं तर नाल्यातूनच तर आलं असेल. बादली हातात जड होत होती, म्हणून एका बाजूनं मी कडी धरली. दोघं तसेच उभे राहिलो अंगणाच्या मधोमध, भरलेली बादली घेऊन, आणि कुठे ओतायची ते दोघांनाही सुचेना.